‘ती तिथे कशाला गेली होती?’ : दोन कादंबऱ्यांच्या निमित्ताने

रहस्यकादंबरी हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे गंभीर समीक्षेस पात्र समजला जात नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली; तरी वाङ्मयविचारात त्यांच्या वाट्याला फारशा ओळी आल्या नाहीत. रेल्वेच्या प्रवासात वाचावी आणि उतरताना बाकावरच विसरावी, एवढीच ह्या प्रकाराची योग्यता आपण ठरवून टाकली आहे. परंतु रहस्यकथेच्या मुळाशी जो प्रश्न असतो, तो पवित्र शास्त्राच्या पहिल्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात विचारला गेला आहे. काइनाने शेतात भावाचा वध केला. कोणी पाहिले नाही. तरीही परमेश्वराने त्याच्याकडे भावाचा ठावठिकाणा विचारला. निरपराध माणसाचे रक्त भूमीत जिरून जात नाही, ते हाक मारीत राहते, ही त्या अध्यायामागची श्रद्धा आहे. जी रहस्यकथा वाचकाला ही हाक ऐकायला लावते, तिचा विचार ख्रिस्ती वाचकाने गांभीर्याने केला पाहिजे.

असा विचार करायला लावणाऱ्या दोन इंग्रजी कादंबऱ्यांविषयी येथे लिहावयाचे आहे. पहिली नेव मार्च ह्यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ (२०२०) आणि दुसरी सुजाता मॅसी ह्यांची ‘द बॉम्बे प्रिन्स’ (२०२१). दोघी लेखिका अमेरिकेत राहतात. पैकी नेव मार्च ह्या स्वतः पारशी आहेत. दोन्ही कादंबऱ्या ब्रिटिश अमदानीतल्या मुंबईत घडतात. दोन्हींत पारशी घरातील तरुण मुलींना उंचावरून पडून मृत्यू येतो आणि दोन्हींत घरची माणसे न्याय मागू लागतात. कथानके इतकी जवळची असल्याने त्यांतील फरक अधिक बोलका ठरतो. हा फरक गुन्हेगार कोण ह्याचा नाही. मुलगी गमावलेले कुटुंब जेव्हा न्याय मागते, तेव्हा ते नेमके काय मागत असते, ह्या प्रश्नाला दोघींनी दिलेल्या उत्तरांतला तो फरक आहे.

पहिल्या कादंबरीच्या मागे एक सत्य घटना आहे. २५ एप्रिल १८९१ रोजी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून दोन पारशी स्त्रिया खाली पडल्या आणि मरण पावल्या. दोघीही विशीच्या आतबाहेरच्या. त्यांतील बचूबाई ही अर्देशीर गोदरेज ह्यांची पत्नी. ह्याच अर्देशीरांनी पुढे १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. दुसरी पिरोजबाई, नात्यातलीच मुलगी. एका पारशी तरुणावर संशय आला, खटला झाला आणि पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला. त्या मृत्यूंचे गूढ कायम राहिले. अर्देशीरांनी पुन्हा विवाह केला नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांना हा मनोरा दूरचा वाटेल. परंतु त्याच्या दगडांचा आणि आपल्या काळ्या मातीचा संबंध आहे. मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देणारे प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या व्यापारात गबर झालेले. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जात असे. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ पासूनचे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जात होता आणि मुंबईत त्याचे मनोरे उठत होते. प्रेमचंदांनी टॉवरला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव दिले. १८७८ साली तो बांधून पूर्ण झाला. २८० फूट उंचीचा हा मनोरा त्या काळच्या मुंबईचे भूषण होता. एका मुलाने आईच्या सन्मानार्थ उभारलेल्या वास्तूच्या पायथ्याशी दोन मुलींची प्रेते पडावीत, हा दैवाचा केवढा क्रूर खेळ!

ह्या घटनेचे वर्षही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आदल्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या बालवधूच्या मृत्यूचा खटला गाजला होता. नवऱ्याच्या बळजबरीने ती दगावली आणि नवऱ्याला शिक्षा झाली ती एका वर्षाच्या सक्तमजुरीची. पारशी सुधारक बेहरामजी मलबारी ह्यांनी बालविवाहाविरुद्ध चालवलेल्या मोहिमेला त्यामुळे बळ मिळाले आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्यानंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांत राजाबाई टॉवरची दुर्घटना घडली. स्त्रीचे शरीर, तिची संमती आणि तिची अब्रू ह्यांवर वर्तमानपत्रे रकानेच्या रकाने लिहीत होती. परंतु ज्यांच्याविषयी हे सारे चालले होते, त्या स्त्रियांचा शब्द त्या रकान्यांत क्वचितच सापडे.

नेव मार्च ह्यांनी ही घटना घेऊन तिला कल्पनेची जोड दिली आहे. गोदरेजांच्या जागी मलबार हिलवरचे फ्रामजी कुटुंब येते. विधुर झालेला तरुण आदी फ्रामजी वर्तमानपत्राला पत्र लिहितो आणि आपली पत्नी व बहीण ह्यांनी आत्महत्या केली हे म्हणणे नाकारतो. लढाईत जखमी होऊन पुण्याच्या इस्पितळात पडलेला कॅप्टन जेम्स अग्निहोत्री ते पत्र वाचतो. हा कॅप्टन इंग्रज पिता आणि हिंदी माता ह्यांचा पुत्र. त्याला पित्याचे नाव ठाऊक नाही आणि पुण्यातल्या मिशनऱ्यांच्या आश्रयाने तो वाढला आहे. हातात शेरलॉक होम्सचे पुस्तक आणि मनात कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची ओढ, एवढ्या शिदोरीवर तो फ्रामजींच्या दारी जातो आणि शोधाचे काम पत्करतो.

ह्या कादंबरीचे सर्वांत सुंदर अंग म्हणजे फ्रामजींचे घर. ज्याला घर नाही अशा माणसाच्या डोळ्यांनी लेखिकेने ते पाहिले आहे. त्यामुळे जेवणाचे टेबल, वडीलधाऱ्यांचा दरारा, लहानांचा गलका अशा साध्या गोष्टींनाही माया चढते. दुःख झालेले घर कसे वागते ह्याची लेखिकेला जाण आहे. त्या घरात कोणी आक्रोश करीत नाही. सारे काही नेहमीसारखे चालते आणि तरीही प्रत्येक जण एका रिकाम्या खुर्चीला वळसा घालून चालतो आहे असे वाटत राहते. आदीचे पत्र हे ह्या साऱ्याचे सार आहे. त्याला सूड नको आहे. आपली पत्नी जगाच्या तोंडी एक कुजबुज होऊन राहू नये, एवढेच त्याला हवे आहे.

मात्र कादंबरी जसजशी पुढे जाते, तसतशी ही मागणी लेखिकेच्या हातून निसटते. कॅप्टनचा शोध त्याला मुंबईबाहेर थेट पंजाबपर्यंत नेतो. वेषांतरे, पाठलाग, चकमकी, पोरक्या मुलांची सुटका असे प्रसंगांमागून प्रसंग येतात. त्यांत कॅप्टनचे डायनावर, आदीच्या बहिणीवर, प्रेम जडते. आणि पारशी मुलीने परधर्मीयाशी लग्न करावे काय, हा दुसराच प्रश्न मध्यभागी येऊन बसतो. हे सारे रंजक आहे आणि त्या प्रश्नालाही वजन आहे. परंतु टॉवरवरून पडलेल्या दोघी ह्या गर्दीत दूर राहतात. त्यांना काय आवडत होते, त्या कशाला भीत होत्या, एकमेकींशी काय बोलत होत्या, हे आपल्याला शोधाच्या ओघात तुकड्यातुकड्यांनी कळते आणि तेही दुसऱ्यांच्या तोंडून. अखेरीस कोडे सुटते. ते कसे सुटते हे येथे सांगून वाचकांचा रसभंग करणार नाही. कोडे सुटल्याचे समाधान मिळते, पण त्या दोघी आपल्या परिचयाच्या झाल्या असे वाटत नाही. आणि ज्या समाजाने त्यांच्या मृत्यूनंतर पहिला प्रश्न ‘त्या तिथे कशाला गेल्या होत्या?’ असा विचारला, तो समाज गुन्हेगार सापडताच विनाचौकशी मोकळा सुटतो.

‘द बॉम्बे प्रिन्स’ नेमकी येथेच वेगळी पडते. सुजाता मॅसी ह्यांची ही परवीन मिस्त्री मालिकेतली तिसरी कादंबरी. काळ नोव्हेंबर १९२१ चा. इंग्लंडचा युवराज, जो पुढे आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आला आणि १९३६ साली ती सोडून गेला, १७ नोव्हेंबरला मुंबईच्या बंदरावर उतरला. महात्मा गांधींनी स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. बहिष्कार मोडून स्वागताला गेलेल्यांवर जमाव तुटून पडला. पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा अल्पसंख्याकांना मारहाण झाली, प्रतिहल्ले झाले. काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजींनी उपोषण केले, तेव्हा कुठे शहर शांत झाले. हा इतिहास.

ह्या पार्श्वभूमीवर लेखिकेने फ्रेनी कटिंगमास्टर ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी उभी केली आहे. युवराज येण्याच्या काही दिवस आधी ती परवीनच्या कचेरीत येते. वडिलांच्या कायदेसंस्थेत काम करणारी परवीन ही मुंबईतली एकमेव स्त्री-वकील. फ्रेनीचा प्रश्न साधा, पण धीट आहे: कॉलेजने युवराजाच्या स्वागताला उभे राहण्याची सक्ती केली आणि मी गेले नाही, तर मला काढून टाकण्याचा त्यांना अधिकार आहे काय? युवराजाची मिरवणूक ज्या दिवशी कॉलेजवरून जाते, त्याच दिवशी फ्रेनी कॉलेजच्या आवारात मरून पडलेली सापडते. गॅलरीतून पडली असे दिसते. पडली, उडी घेतली, की कोणी ढकलले?

लेखिकेने केलेली एक गोष्ट समीक्षकाच्या नजरेतून सुटता कामा नये. आपण फ्रेनीला प्रेत म्हणून पाहण्यापूर्वी माणूस म्हणून भेटतो. तिचा आवाज ऐकतो. तिला सदसद्विवेक आहे, शंका आहे, भीती आहे आणि ती स्वतःच्या पायांनी वकिलाकडे येऊन प्रश्न विचारते आहे. त्यामुळे पुढे जेव्हा तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते, ती राजद्रोही होती काय, कोणा तरुणाशी तिचे संधान होते काय, असे तर्क चालतात, तेव्हा वाचक त्या तर्कांच्या बाजूला जाऊ शकत नाही. तो तिला ओळखतो. रहस्यकथेत मृत व्यक्ती बहुधा पहिल्या पानावरचे एक निमित्त असते. मॅसी ह्यांनी तिला साक्षीदार केले आहे.

आईबापांचे चित्रणही तितकेच सच्चे आहे. मलबार हिलचे वैभव ह्या घराला नाही. मुलीला शिकवण्याचा अभिमान आणि शिकवल्याची धास्ती अशा दोहोंत ते आधीच ओढले गेलेले. तिच्या मृत्यूनंतर त्यांच्यापुढे कॉरोनरची चौकशी उभी राहते. मुंबईत अपमृत्यूचे कारण ठरवण्याचे काम ह्या अधिकाऱ्याचे असे. शवविच्छेदन झाल्याशिवाय प्रेत ताब्यात मिळत नाही आणि पारशी धर्माप्रमाणे अंत्यविधीला विलंब चालत नाही. मुलीला सन्मानाने निरोप द्यायचा तर चौकशी नको. सत्य हवे तर चौकशी हवी. ह्या कोंडीत सापडलेल्या मातापित्यांचे दुःख लेखिकेने आवाज न चढवता मांडले आहे. परवीनकडेही ते सहजी वळत नाहीत. कारण नवऱ्यापासून वेगळी राहणारी परवीन स्वतःच समाजाच्या संशयाची धनी आहे. जिच्याविषयी लोक कुजबुजतात, तीच दुसऱ्या एका कुजबुजीतून त्यांच्या मुलीला सोडवू पाहते. ह्या योजनेत कादंबरीचे खरे बळ आहे.

परवीनचे पात्र हवेतून आलेले नाही. ते घडवताना लेखिकेपुढे ज्या स्त्रिया होत्या, त्यांत कॉर्नेलिया सोराबजी ह्या प्रमुख. १८६६ साली नाशिकला एका ख्रिस्ती झालेल्या पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. परंतु देशात परतल्यावर त्यांना वकिलीची सनद मिळेना. १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून शेकडो पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे आणि जिवाचे रक्षण केले. स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी देशभर हटली ती १९२३ च्या कायद्याने. महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या ह्या ख्रिस्ती विदुषीचे नाव आपल्या मुलामुलींना ठाऊक असायला हवे.

‘द बॉम्बे प्रिन्स’ निर्दोष नाही. युवराजाच्या दरबारी वर्तुळातले प्रसंग आणि परवीनच्या मनातली एका इंग्रज अधिकाऱ्याविषयीची ओढ ही सूत्रे मूळ कथेला पुरेशी बांधलेली नाहीत. दंगलीत मेलेली माणसे फ्रेनीइतकी खरी होत नाहीत. ती बहुतांशी देखाव्यातच राहतात. शेवटची उकल संवादांतून समजावून दिल्यासारखी वाटते. भाषेच्या सफाईत आणि कथनाच्या वेगात नेव मार्च काही ठिकाणी पुढे आहेत. तरीही ह्या दोन पुस्तकांतून एकच निवडायचे झाले, तर मी मॅसी ह्यांचे पुस्तक पुढे करीन. कारण त्यात न्याय म्हणजे केवळ गुन्हेगार सापडणे नव्हे, तर गेलेल्या मुलीविषयी खरे बोलले जाणे होय.

हा भेद पवित्र शास्त्राला अपरिचित नाही. उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात याकोबाची कन्या दीना हिची कथा आहे. तिच्यावर बलात्कार होतो. तिचे भाऊ अख्ख्या नगराचा सूड घेतात. बापलेकांत वाद होतो. सारे जण दीनाविषयी बोलतात, पण त्या अध्यायात दीनाच्या तोंडी एकही शब्द नाही. कुटुंबाचा अपमान धुऊन निघाला; मुलगी मुकीच राहिली. ह्याच्या उलट, आपल्या कॅथलिक बायबलात दानीएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय पाहावा. दोन वृद्ध न्यायाधीश सुसान्नावर खोटा आळ घेतात आणि लोकसभा तिला मरणदंड सुनावते. सुसान्ना मोठ्याने परमेश्वराचा धावा करते आणि तरुण दानीएल पुढे होतो. तो दोघा साक्षीदारांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? दोघे दोन झाडे सांगतात आणि खोटेपणा उघडा पडतो. रहस्यकथेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्या कथेला आपल्या प्रकारची आद्य कथा मानले आहे. दानीएलने सुसान्नेला ती बागेत एकटी कशाला गेली होती, असे विचारले नाही. त्याने प्रश्न विचारले ते आरोप करणाऱ्यांना.

येथे आपल्याच भक्तिपरंपरेतल्या एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. राजाबाई टॉवरच्या दुर्घटनेत त्या दोघींनी अब्रू राखण्यासाठी उडी घेतली असावी, असाही तर्क होता आणि त्याबद्दल त्यांची थोरवी गाणारेही होते. आपल्याकडे संत मारिया गोरेत्ती हिच्याविषयी बोलताना पुष्कळदा असाच सूर लागतो. बारा वर्षेही पुरी न झालेली ही इटलीतील गरीब शेतकऱ्याची मुलगी ६ जुलै १९०२ रोजी शेजारच्या तरुणाने केलेल्या वारांनी मरण पावली. तिच्या पावित्र्याचा गौरव योग्यच आहे. पण त्यातून कोणी असा अर्थ काढील, की जी मुलगी जिवंत राहिली ती कमी पवित्र, तर तो अर्थ ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरून नाही. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले आणि अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले. तेव्हा संत ऑगस्टीन ह्यांनी ‘देवाचे नगर’ ह्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ठामपणे प्रतिपादिले, की शुद्धता हा मनाचा गुण आहे. दुसऱ्याच्या बळजबरीने तो हिरावला जात नाही आणि अशा स्त्रीने प्राण देण्याचे काहीही कारण नाही. हे लिहून सोळा शतके झाली. आपल्या अंगणात ते अजून पुरते पोहोचलेले नाही.

पोहोचले असते, तर विदर्भातले दोन खटले वेगळे घडले असते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ‘मथुरा खटला’ म्हणून तो देशभर गाजला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष ठरवले; तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागचे एक कारण. पुढच्या वर्षी चार विधिज्ञांनी ह्या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. दुसरा खटला खैरलांजीचा. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भय्यालाल भोतमांगे ह्यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने ठार मारले. त्यानंतर आधी पसरली ती मृत मातेच्या चारित्र्याविषयीची कुजबुज. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. परंतु हा अत्याचार जातीमुळे झाला, असे कोणत्याही न्यायालयाने मानले नाही. शिक्षा झाली, ज्या कारणासाठी आपले घर उद्ध्वस्त झाले, त्या कारणाचा उच्चार मात्र झाला नाही. भय्यालाल तो ऐकण्यासाठी झगडत राहिले आणि २०१७ च्या जानेवारीत वारले. फ्रामजी श्रीमंत होते, कटिंगमास्टर मध्यमवर्गीय, भोतमांगे दलित शेतकरी. काळ वेगळा, राज्य वेगळे. मागणी मात्र एकच दिसते: आमच्या माणसाविषयी खरे बोला.

आणखी एक गोष्ट ह्या कादंबऱ्यांत मला सापडली नाही, ती म्हणजे क्षमा. गुन्हेगार उघडा पडला की रहस्यकथा संपते. ख्रिस्ती माणसाचे अधिक अवघड काम तेथून सुरू होते. मारिया गोरेत्तीने मरणशय्येवर आपल्या मारेकऱ्याला क्षमा केली. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यातील सत्तावीस त्याने भोगली. सुटून आल्यावर तो तिच्या आईच्या दारी गेला आणि आसुंतानेही त्याला क्षमा केली. २४ जून १९५० रोजी रोममध्ये मुलीला संतपद बहाल झाले, तेव्हा ती माउली तेथे हजर होती. ह्या घटनांचा क्रम पाहावा: आधी सत्य, मग शिक्षा, मग पश्चात्ताप आणि माफी. मुलीच्या क्षमेनेही मारेकऱ्याची शिक्षा टळली नाही. आपल्याकडे हा क्रम उलटा फिरवला जातो. रडणाऱ्या आईला पहिल्याच आठवड्यात सांगतात, बाई, झाले ते झाले, क्षमा करा, मिटवून टाका, दुसऱ्या मुलींची लग्ने व्हायची आहेत. ही ख्रिस्ती क्षमा नव्हे. हा क्षमेच्या नावाने घातलेला बोळा आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील विधवा निष्ठुर न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते आणि प्रभू येशू तिला हट्टी म्हणत नाही. प्रार्थना कशी करावी ह्याचा आदर्श म्हणून तो तिला आपल्यापुढे ठेवतो.

यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा येथील आपल्या कुटुंबांतून दरवर्षी मुली नागपूर-पुण्या-मुंबईला शिकायला, परिचारिकेच्या प्रशिक्षणाला, नोकरीला जातात. त्यांना निरोप देताना आईबाप दहा सूचना देतात: अंधार पडायच्या आत खोलीवर ये, अनोळख्याशी बोलू नकोस, फोन करीत जा. सूचना योग्यच आहेत. पण एक अकरावे वाक्य त्यांत असायला हवे: ‘पोरी, तुझ्यावर काही प्रसंग आला, तर तू तिथे कशाला गेलीस असे ह्या घरात तुला कोणी विचारणार नाही.’ हे वाक्य ज्या मुलीला मिळाले, ती धोक्याची पहिली चाहूल लागताच घरी बोलेल. फ्रेनीला प्रश्न पडला तेव्हा ती घरच्यांकडे जाण्याऐवजी परक्या वकिलाकडे गेली, ह्यात तिच्या आईबापांना आयुष्यभर सलेल असे पुष्कळ काही आहे.

ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी ह्या दोन्ही कादंबऱ्या वाचाव्यात; आधी ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ आणि मग ‘द बॉम्बे प्रिन्स’ अशा क्रमाने. युवक-युवतींच्या बैठकीत त्यांवर चर्चा करावी आणि सोबत दानीएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचावा. मुलींना बोलू द्यावे, मुलांनी ऐकावे आणि वडीलधाऱ्यांनी आपले मत शेवटी मांडावे.